तिच्या नावावरची ओळ

ती ओळ मी बंद केली होती. मे महिन्यातल्या एका दुपारी, माझ्याच हाताने. नोव्हेंबरात ती सापडली तेव्हा मात्र मी माझ्या सहकारी मुलीकडे बोट दाखवलं, आणि शेठसमोर म्हणालो, "हिनेच केलंय हे." हे आधीच सांगून टाकतो. पुढे लिहिताना मी कुठेतरी स्वतःची बाजू घेईन अशी मला धास्ती वाटते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला ती सवय लागलेली असते.

वर्ध्यात एका कापडाच्या दुकानाच्या वर आमचं छोटं ऑफिस आहे. शेठ, मी, ती आणि हिशेब बघणारे एक वयस्क गृहस्थ, जे आठवड्यातून दोनदा येतात. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग फॅक्टऱ्या, धान्याची गोदामं, शाळा यांच्यासाठी लागणारी सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. इथे येण्याआधी पंधरा वर्षं मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो, म्हणून शेठ मला गुरुजी म्हणतात. त्यात थोडा मान असतो आणि थोडी टिंगल. ती त्या क्लासमधली माझी विद्यार्थिनी. वडनेरची, शेतकऱ्याच्या घरची. पुढे नागपूरला शिकली आणि दोन वर्षं तिथल्याच एका कंपनीत काम करून परत आली. शेठला तिचं नाव मीच सुचवलं होतं.

ती येईपर्यंत आमच्याकडे कामाच्या जुन्या प्रती ठेवायची माझी पद्धत चालायची. रोज संध्याकाळी सगळं फोल्डर कॉपी करायचं आणि त्याला नाव द्यायचं: 'फायनल', 'फायनल नवं', 'फायनल सोमवार', 'हेच खरं फायनल'. पेनड्राइव्ह माझ्या खिशात. कोणाला काही हवं असेल तर माझ्याकडे यावं लागे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

तिने आल्या आल्या दुसरी व्यवस्था लावली. आम्ही ज्या एडिटरमध्ये कोड लिहितो, त्याच्या डाव्या कडेच्या पट्टीत एक चिन्ह असतं. आपण एखाद्या फायलीत काही बदललं की त्या चिन्हावर आकडा उमटतो. चिन्हावर क्लिक केलं की बदललेल्या फायलींची यादी येते. यादीतल्या ज्या फायली पक्क्या करायच्या त्यांच्यापुढचं अधिकचं चिन्ह दाबायचं, वरच्या चौकटीत काय केलं ते एका ओळीत लिहायचं आणि निळं बटण दाबायचं. झाला कमिट. मग तो सगळ्यांच्या सामाईक साठ्यात पाठवायचा. केव्हा, कोणी, काय बदललं, सगळं कायमचं नोंदलेलं राहतं.

"आता पेनड्राइव्हची गरजच नाई सर," ती म्हणाली. "अन् कोणाचं काम कोणी पुसलं हे भांडणच मिटलं. फक्त एक ध्यानात ठेवजा. ज्या कॉम्प्युटरवरून पाठवान, त्याच्यात ज्याचं नाव भरलं असन तेच नाव लागते."

मी मान डोलावली. त्या डोलावण्याला काही अर्थ नव्हता. माझं सगळं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं होतं. कोडच्या कुठल्याही ओळीवर कर्सर नेला की ओळीच्या शेवटी फिकट राखाडी अक्षरं उमटत होती: अमक्याने, इतक्या महिन्यांपूर्वी, या कारणासाठी. माझ्या प्रत्येक ओळीपुढे माझं नाव. मला वाटलं, ही सोय नाही, ही पाळत आहे.

माझे वडील पुलगावला एका गिरणीच्या फाटकावर होते. पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्यांचे डबे उघडून बघायचं त्यांचं काम. घरी आल्यावरही त्यांची ती नजर उतरत नसे. आमची दप्तरं, आईची पिशवी, सगळीकडे ती जायची. मी त्यांच्यासारखा होणार नाही असं ठरवलं होतं. पण पहिल्याच आठवड्यात मी तिच्या कमिटांची यादी उघडून बसलो होतो.

पुढे ती माझी रोजची सवय झाली. सकाळी चहाच्या आधी एडिटर उघडायचा आणि काल संध्याकाळनंतर तिने काय पाठवलं ते बघायचं. एका बाजूला जुनं, दुसऱ्या बाजूला नवं. काढलेलं लाल, घातलेलं हिरवं. माझ्या जुन्या कोडमध्ये हिरवं दिसलं की मी ओळ न् ओळ ताडून बघायचो. ती माझ्या लांबलचक ओळी लहान करत होती, आणि त्या लहान ओळी माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. हे मला कळत होतं, म्हणूनच संशय वाढत होता. हिला शेठला दाखवून द्यायचंय, मला वाटे, की गुरुजींचं सगळं जुनाट आहे. एकदा सकाळी सात वाजताचा कमिट दिसला. सातला? घरून? कोणासाठी? दिवसभर मी तेच घोळवलं. दुपारी न राहवून विचारलं.

"आज लवकर उठलीस वाटतं?"

"रूमवरची पार्टनर सहाले मिक्सर चालू करते सर," ती हसली. "झोप त गेलीच, म्हटलं काम तरी करा."

मी हसलो. मनात म्हटलं, उत्तर तयार होतं.

बायकोला मी हे सगळं सांगायचो. एकदा तिने भाकरी थापता थापता विचारलं, "तुम्ही ऑफिसात काम करता का तिच्यावर पहारा?"

आता ती मेमधली दुपार. वर्ध्याचा मे म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. आमचं इन्व्हर्टर फक्त कोपऱ्यातल्या दोन टेबलांना पुरतं, एक शेठचं आणि एक तिचं. लाइट गेली की जो तो तिच्या टेबलाशी जातो, ही ऑफिसातली रीतच. ती स्वतः उठून दुसऱ्याला खुर्ची देते. त्या दिवशी तर ती रजेवर होती. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सावंगीला गेली होती. मी तिच्या खुर्चीवर बसलो आणि काम करू लागलो.

काम साधं होतं. हिंगणघाटकडच्या एका जिनिंगसाठी आम्ही टोकनची व्यवस्था केली होती. कापसाची गाडी फाटकावर आली की तिला चिठ्ठी मिळते, तिच्यावर नंबर. त्या नंबरानेच गाड्या आत जातात. चिठ्ठीवर गाडीचा नंबर मोठ्या अक्षरात हवा होता. छापून बघायला मला रांग एकपासून सुरू करायची होती, पण कोडमधली एक ओळ आडवी येत होती. आदल्या दिवशी राहिलेल्या गाड्यांना दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पुढे ठेवणारी ती ओळ. मी तिच्या सुरुवातीला दोन तिरक्या रेघा मारल्या. तशा रेघा मारल्या की ओळ जागेवर राहते, पण यंत्र ती वाचत नाही. चिठ्ठी छापली, छान आली. मग यादीतल्या सगळ्या फायलींसाठी मिळून जे एक अधिकचं चिन्ह असतं तेच दाबलं, चौकटीत 'किरकोळ दुरुस्ती' लिहिलं, निळं बटण दाबलं, पाठवून दिलं आणि घाम पुसत घरी गेलो. रेघा काढायच्या राहिल्या.

तेव्हा हंगाम नव्हता, त्यामुळे फाटकावर गाडी नव्हती. दिवाळीनंतर कापूस आला.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी जिनिंगच्या मॅनेजरचा फोन आला. शेठने स्पीकरवर टाकला. मागे गाड्यांचे हॉर्न आणि माणसांचा गलका ऐकू येत होता.

"शेठ, हे काय मशीन दिलं तुम्ही? कालपासून उभ्या राह्यलेल्या गाड्या मागं, अन् आज सकाळी आलेल्या पुढं! फाटकावरच्या पोराची कॉलर धरली लोकायनं. म्या हातानं चिठ्ठ्या लिहून राह्यलो इथं!"

"अर्ध्या घंट्यात करून देतो," शेठ म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "गुरुजी, काय झोल हाय हा?"

मी एडिटर उघडला. दोष शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्या दोन तिरक्या रेघा समोरच होत्या. मी कर्सर तिथे नेला, आणि ओळीच्या शेवटी राखाडी अक्षरं उमटली. तिचं नाव. सहा महिन्यांपूर्वी. किरकोळ दुरुस्ती.

त्या क्षणी मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगतो. आनंद झाला. तिकडे फाटकावर गाड्या खोळंबल्या होत्या, माणसं रात्रभर थंडीत गाडीवर बसून होती, आणि मला आनंद झाला. मी खुर्ची थोडी बाजूला घेतली, शेठला पडदा नीट दिसावा म्हणून. ती शेठच्या मागेच उभी होती. फोन अजून चालू होता.

"हिनेच केलंय हे," मी म्हणालो. "नाव आहे बघा. आणि वर लिहिलंय किरकोळ."

तिने वाकून वाचलं. बराच वेळ वाचलं. मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर कदाचित मी पूर्ण कमिट उघडून दाखवला असता, आणि तिथेच सगळं बाहेर आलं असतं. एक क्लिक करायची होती. मी केली नाही, कारण मला हवं होतं ते मिळालं होतं.

"मले आठवत नाई सर," ती म्हणाली. "पण नाव माह्यं हाय. मीच केलं असन."

मी रेघा काढल्या, दुरुस्त फाइल पाठवली, तासाभरात फाटक सुरळीत झालं. शेठ ओरडणारे गृहस्थ नाहीत. त्यांनी तिला बसवून शांतपणे सांगितलं की आतापासून तिचं प्रत्येक काम आधी गुरुजी बघतील आणि गुरुजींनी हो म्हटल्याशिवाय सामाईक साठ्यात काही जाणार नाही. पुलगावच्या बाजूला नवीन जिनिंगचं काम मिळालं होतं. ते तिच्याकडे जायचं होतं, ते माझ्याकडे आलं.

पुढचे तीन महिने मी तिला बदलताना पाहिलं. आधी ती काम करताना गुणगुणायची, ते थांबलं. एक ओळ लिहायची आणि ती ओळ चारदा बघायची. निळं बटण दाबण्याआधी मला हाक मारायची. "सर, एकदा पाहून घेता का जी?" फायलीत काही नसायचं, एक स्वल्पविराम असायचा. घरून कमिट येणं बंद झालं. एका दुपारी मी पाहिलं, ती वहीत तारखेनिशी लिहून ठेवत होती की आज तिने कुठली ओळ बदलली.

"हे कशाला? एडिटरमध्ये असतंच ना सगळं," मी म्हणालो.

"आपल्याले आपलीच गॅरंटी नाई राह्यली न सर," ती म्हणाली.

मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण जास्त वाटला तो संशयच. वही ठेवते म्हणजे काहीतरी पुरावा जमवते. कोणाविरुद्ध?

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिने शेठला सांगितलं की महिनाअखेर काम सोडते. सावंगीला एका कॉलेजात फॉर्म भरून घेण्याचं, यादी टाइप करण्याचं काम मिळत होतं. शेठने विचारलं, "अगं, तू प्रोग्रामर हायेस, तिथं जाऊन टायपिंग करशीन?"

"तिथं चूक झाली त एका फॉर्मात होईन शेठ," ती म्हणाली. "रांगभर लोक नाई अडकणार."

ती बाहेर गेल्यावर शेठ मला म्हणाले, "गुरुजी, पोरगी होशियार होती यार. एका चुकीनं पार बसली."

त्या वाक्याने मी अस्वस्थ झालो, आणि अस्वस्थ झालो की मी पुरावा शोधतो. मला सिद्ध करायचं होतं की चूक एकच नव्हती, ती आधीपासूनच बेफिकीर होती, आणि तिचं जाणं हे माझं कर्म नव्हे. म्हणून मी तिचे जुने कमिट एकेक करून उघडायला लागलो. त्यात मेमधला तोही आला. या वेळी मी राखाडी अक्षरांवर थांबलो नाही. आख्खा कमिट उघडला.

त्यात दोन फायली होत्या. एक ती रांगेची. दुसरी चिठ्ठी छापायची. तिच्यात गाडीचा नंबर मोठा केलेला होता, आणि शेजारी माझ्या सवयीने लिहिलेली टीप होती: 'शेठच्या सांगण्यावरून'. ऑफिसात अशी टीप फक्त मीच लिहितो. चिठ्ठीच्या फायलीला ती कधी हातही लावत नाही.

मी तारीख बघितली. मग उठून रजेची वही काढली. त्या तारखेसमोर तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'आईचे ऑपरेशन'. मला इन्व्हर्टरची घरघर आठवली, तिच्या खुर्चीवरची उशी आठवली, पाठीला चिकटलेला शर्ट आठवला. 'किरकोळ दुरुस्ती' हे शब्दही माझेच. ती कमिटाला कधी किरकोळ म्हणत नाही, काय केलं ते नीट लिहिते.

लगेच उठून सांगायला हवं होतं. मी वही जागेवर ठेवली.

त्यानंतर मी काय केलं तेही लिहितो. दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला बसले असताना मी शोधून काढलं की झालेला इतिहास नव्याने लिहिता येतो का. येतो. काही आज्ञा द्याव्या लागतात. मी एडिटरच्या खालच्या काळ्या चौकटीत ती आज्ञा टाइपही केली. एंटर दाबला नाही. इथे मला लिहायला आवडलं असतं की माझं मन आडवं आलं. तसं नव्हतं. मला आठवलं की जुन्या इतिहासाची पूर्ण प्रत तिच्या कॉम्प्युटरवरही असते, आणि माझी बनवाबनवी पहिल्याच दिवशी उघडी पडली असती. म्हणून थांबलो.

मग नवा संशय सुरू झाला. तिला माहीत आहे का? ती माझ्याकडे बघते तेव्हा काय बघते? तिने चहाचा कप माझ्यासमोर ठेवला तरी मला वाटे, आज बोलेल. ती वही बंद करायची तेव्हा वाटे, तिच्यात माझी तारीख आहे. माणूस स्वतः चोर असला की त्याला सगळेच जण फाटकावर उभे दिसतात. घरी बायकोने दोनदा विचारलं, काय झालं. काही नाही, म्हणालो.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी ती तिच्या टेबलाचा खण रिकामा करत होती. महिना संपायला अवकाश होता, पण ती थोडं थोडं सामान रोज नेत होती. तिने ती वही हातात घेतली, क्षणभर पाहिली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. पुरावा जमवणारं कोणी असं करत नाही. मी उठलो.

"शेठ, जरा इकडे या," मी म्हणालो. "आणि जिनिंगच्या मॅनेजरला फोन लावा."

"काऊन? आता काय बंद पडलं?"

"लावा तर."

फोन लागला. मी माझ्या पडद्यावर तो कमिट उघडला, दोन्ही फायली, आणि रजेची वही शेजारी ठेवली. बोलताना माझा आवाज क्लासमधल्यासारखा झाला, कारण दुसरा आवाज मला सापडत नव्हता. म्हणालो, नोव्हेंबरात रांग बिघडली ती माझ्यामुळे. हा बदल मी केला, हिच्या कॉम्प्युटरवरून, ही रजेवर असताना. म्हणून नाव हिचं लागलं. मी न तपासता हिच्यावर ढकललं. हिची काही चूक नव्हती.

मॅनेजर फोनवरून म्हणाले, "म्हणजे आमी त्या पोरीले उगाच बोललो का जी? गावभर सांगितलं न म्या." शेठ खाली बघत होते. "गुरुजी," एवढंच म्हणाले.

ती पडद्याजवळ आली. तारीख वाचली, वहीतलं स्वतःचं अक्षर वाचलं. "आईच्या डोळ्याचा दिवस," ती हळूच म्हणाली. आणि मग, "माह्या मनात आलतं सर एकदा. लाइट गेली की सगळेच माह्या खुर्चीवर बसतात. पण मंग तुमच्यावर संशय घ्या लागला असता. म्हून नाई पाह्यलं."

मला वाटलं, संपलं. मी "मला माफ कर" म्हणालो. ते शब्द मी आदल्या दिवसापासून घोकले होते आणि ते तसेच, घोकलेले बाहेर पडले.

ती मात्र पडद्यावरून नजर काढत नव्हती. "तुमाले कधी कळलं हे?" तिने विचारलं.

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. कोणीच तपासलं नसतं.

"अकरा दिवस झाले," मी म्हणालो.

"अकरा?" तिने माझ्याकडे बघितलं. "परवा मी तुमाले विचारलं, सर, जाऊ का नको? तवा माईत होतं?"

"होतं."

"अन् तुम्ही म्हणालात, जा, तिथं ताण कमी आहे."

"हो, म्हणालो."

शेठने फोन बंद केला. खणातून काढलेल्या वस्तू तशाच टेबलावर पडल्या होत्या. मला घोकलेलं काहीच आठवेना, आणि मग जे होतं तेच बोललो.

"मे महिन्यात मी विसरलो. नोव्हेंबरात मला तू चुकलेली हवी होतीस, म्हणून मी पुढचं बघितलं नाही. पण हे अकरा दिवस मी सगळं माहीत असून तुला जाऊ देत होतो. तू राहा किंवा जा, ते मी सांगणार नाही. त्या अकरा दिवसांची मी तुझी माफी मागतो."